बर्फावरचा कोच, कोब्यावरची पोरं: बेळगावातल्या इनलाइन हॉकी शिबिराचा रिव्ह्यू

शिबिर बारा दिवसांचं, एप्रिलच्या शेवटी, रोज सकाळी ६ ते ८. फी ३,५०० रुपये. स्टिक आणि पक (चेंडूच्या जागी असणारी चपटी चकती) आयोजकांचे, स्केट्स आणि पॅड आपले. मुलं बावीस, वय सात ते चौदा. बहुतेक टिळकवाडी, शहापूर, अनगोळकडची, दोघं खानापूरहून पहाटे निघून येणारी. जागा म्हणजे शहरातलं एक उघडं रिंक: कोब्याची फरशी, कडेला लोखंडी पाइप आणि एका कोपऱ्यात बांधकामाच्या वाळूचा ढीग. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत होतं ते 'आइस हॉकी खेळलेल्या कोचकडून प्रशिक्षण'. म्हणून आधी त्याच ओळीचा हिशेब घेऊ.

कोच इनलाइनवर, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सवर, घडलेले आणि नंतर लडाखच्या बर्फावर राज्याच्या संघाकडून खेळलेले. पाय अजून झकास चालतात. पहिल्या दिवशी त्यांनी उलटं स्केटिंग करत पक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेला आणि पालकांनी मोबाइल बाहेर काढले. पण मैदान गाजवणारा खेळाडू शिकवण्यातही तसाच निघेल, असं आइस हॉकीचा इतिहास कुठेच सांगत नाही. वेन ग्रेट्स्कीच्या नावावर एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये, ८९४ गोल. २००५ ते २००९ अशी चार वर्षं तो त्याच लीगमधल्या फिनिक्स संघाचा कोच होता आणि संघ एकदाही प्लेऑफला पोहोचला नाही. स्कॉटी बोमनचं खेळणं ज्युनियरमध्येच डोक्याच्या दुखापतीने संपलं, आणि कोच म्हणून त्याने नऊ स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची अजिंक्यपदं, जिंकले. जॅक लमेअर मधला: खेळाडू म्हणून माँट्रियालकडून आठ कप, मग स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या संघापासून कोचिंगला सुरुवात, आणि १९९५ मध्ये न्यू जर्सीबरोबर कोच म्हणून कप. मार्टिन सेंट लुईने निवृत्तीनंतर लहान मुलांचे संघ शिकवले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत माँट्रियालने त्याला थेट तिथून उचललं. पाय जे आपोआप करतात ते फोडून दुसऱ्याला सांगता येणं ही वेगळी विद्या आहे, आणि या शिबिराचे गुण त्याच विद्येवर द्यायला हवेत.

पहिले तीन दिवस त्या हिशेबात कमी पडले. कारण तांत्रिक आहे, आणि ते बेळगावच्या प्रत्येक पालकाला माहीत असावं.

बर्फावर थांबणं म्हणजे खरवडणं. आइस स्केटच्या पात्याला तळाशी लांबट खोबण घासलेली असते, त्यामुळे दोन धारा तयार होतात. दोन्ही पाती वाटेला आडवी करून वजन किंचित हलकं केलं की धार बर्फाचा पातळ थर खरवडत नेते आणि स्केटर थांबतो. हाच 'हॉकी स्टॉप'. कोचनी तो दुसऱ्याच दिवशी शिकवायला घेतला. पण पोरांच्या पायात पात्यांऐवजी पॉलियुरेथेनची चाकं होती, बऱ्याच जणांची ७६ए किंवा ७८ए कडकपणाची, म्हणजे मऊ. मऊ चाक कोब्याला चिकटतं. आडवं केलं की ते खरवडत नाही, जागच्या जागी पकडतं. पाय थांबतो, अंग पुढे जातं. त्या सकाळी सात-आठ मुलं मनगटावर पडली. मनगटाचं गार्ड कुणाकडेच नव्हतं, कारण हॉकीच्या ग्लोव्हज् चालतील असं सांगितलं गेलं होतं. हॉकीची ग्लोव्ह बोटांना आणि पंज्याच्या पाठीला वाचवते. तळव्यावर पडताना मागे मुडपणाऱ्या मनगटाला तिचा आधार नसतो. दहा वर्षांखालच्या मुलाला पहिला आठवडा स्टिकशिवाय आणि रिस्ट-गार्ड घालूनच रिंकवर सोडावं.

चाकांवर थांबण्याचा क्रम निराळा. आधी टी-स्टॉप: पुढच्या पायाचा गुडघा वाकलेला, वजन जवळपास सगळं त्याच पायावर, मागचा पाय पुढच्याच्या टाचेमागे काटकोनात आणि त्याच्या चाकांची आतली कड फरशीवर हलकेच घासत न्यायची. चूक एकच होते, पण सगळ्यांची होते: मागच्या पायावर भार दिला जातो आणि मूल भोवऱ्यासारखं फिरतं. टी-स्टॉप बसला की घट्ट वळण: आतला पाय बुटाच्या अर्ध्या लांबीने पुढे, दोन्ही गुडघे वाकलेले, नजर आणि खांदे आधी वळणाच्या दिशेला. इनलाइन हॉकीत थांबण्याचं निम्मं काम हे वळणच करतं. चाकं आडवी घसरवून थांबणं सगळ्यात शेवटी, गुळगुळीत फरशीवर, आणि ते साधायला वर्षभर लागलं तरी बिघडत नाही.

चौथ्या दिवशी कोचनी हॉकी स्टॉप गुपचूप बाजूला ठेवला आणि खडू आणला. फरशीवर रेषा, पावलांच्या खुणा, टी-स्टॉप कुठे सुरू होऊन कुठे संपायला हवा त्याच्या दोन आडव्या रेघा. शिबिर तिथून सुधारलं. भाषाही उतरली. आधी सगळं 'असं करा, बघा' होतं, आणि बघायला जावं तर ते पूर्ण वेगात. पुढे सूचना एकेका शब्दाच्या झाल्या. निम्म्या मुलांची घरची भाषा कन्नड हे लक्षात आल्यावर कोचनी 'बग्गु' आणि 'निल्लु' हे दोन शब्द उचलले. वाक आणि थांब. स्केटिंगचा ऐंशी टक्के अभ्यासक्रम या दोन शब्दांत बसतो, असं म्हणायचा मोह होतो.

'बग्गु'ची कसोटी सोपी आहे: उभं राहून खाली पाहिलं तर गुडघ्याआड बुटाचं टोक दिसता कामा नये. दिसलं तर गुडघे कमी वाकलेत. पायाचा धक्का मागे नाही, बाजूला द्यायचा, आणि धक्का देऊन झाला की पाय परत अंगाखाली आणायचा. मुलं पाय अर्ध्यावरच टेकवतात, मग पुढचा धक्का आखूड होतो. यावर कोचनी घेतलेला सराव उत्तम होता. दोन धक्क्यांमध्ये दोन्ही बुटांच्या टाचा एकमेकींना टेकल्याच पाहिजेत, टेकल्याचा आवाज आला पाहिजे. बावीस मुलांच्या टाचांचा टकटकाट ऐकून कोण आळस करतोय ते डोळे मिटूनही कळत होतं.

बर्फावरून आलेल्या माणसाचा खरा फायदा पुढच्या भागात दिसला. आइस हॉकीत एक खेळाडू एका वेळी साधारण ४५ सेकंद खेळतो आणि बाकावर येतो, कारण पूर्ण जोर त्याहून जास्त वेळ टिकत नाही. आपल्याकडच्या क्लासात मुलांना दहा-दहा मिनिटं रिंकभोवती फिरवतात. त्याने दम वाढतो, पण हॉकीला लागतो तो झटका येत नाही. इथे ४० सेकंद जोर, दोन मिनिटं विश्रांती, असे फेरे होते. शिवाय पूर्ण रिंकवर सामना न घेता रिंकचे तीन आडवे पट्टे करून तीन-तीन मुलांचे छोटे सामने. लहान मुलांसाठी आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघही आडव्या, छोट्या मैदानाचाच आग्रह धरतो. मोठ्या मैदानावर दोन तेज पोरं खेळतात आणि बाकीची बघतात. छोट्यात प्रत्येकाच्या स्टिकला पक लागतो. या एका गोष्टीसाठी फीमधले हजार रुपये वसूल.

नियमांच्या बाबतीत मात्र गल्लत झाली. सहाव्या दिवसाचा जवळपास अर्धा तास ऑफसाइड (पकच्या आधी निळी रेषा ओलांडून समोरच्यांच्या भागात शिरायचं नाही, हा बर्फावरचा नियम) आणि निळ्या रेषा समजावण्यात गेला. इनलाइन हॉकीत निळ्या रेषा नाहीत, ऑफसाइड नाही. गोलकीपर सोडून चार खेळाडू, बर्फावर पाच. अंगाने धडक देऊन पाडणं इनलाइनमध्ये चालत नाही. लडाखला जाईल तेव्हा त्या मुलाला ऑफसाइड शिकायचाच आहे, पण नऊ वर्षांच्या पोराला दोन खेळांचे नियम एका सकाळी पाजण्यात अर्थ नाही.

आता सामानाकडे, कारण गोंधळ जास्त तिथेच झाला, आणि दोष आयोजकांचा. फॉर्मवर नुसतं 'स्केट्स आणणे' असं होतं. त्यामुळे सहा मुलं क्वाड घेऊन आली: दोन पुढे दोन मागे अशी चार चाकं, टोकाला रबरी ब्रेक. क्वाडवर खेळतात ती रोलर हॉकी. तिच्यात पक नसून चेंडू असतो आणि स्टिकही आखूड, वाकडी, निराळीच. आपल्याकडे दोन्हींचा कारभार रोलर स्केटिंग महासंघाकडेच असल्याने पालकांना फरक कळत नाही, पण खेळ दोन आहेत. त्या सहा जणांना बारा दिवस कडेचे सराव करावे लागले. अर्धी फी परत द्यायला हवी होती. दिली नाही.

इनलाइन आणलेल्यांपैकी अनेकांच्या स्केट्स खेळण्याच्या दुकानातल्या, माप कमी-जास्त होणाऱ्या, टाचेला ब्रेक असलेल्या. क्रॉसओव्हर करताना, म्हणजे वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकताना, तो ब्रेक अडकतो. ॲलन कीने एक बोल्ट काढला की तो निघतो. सुरुवातीला या स्केट्स चालतील, पण घोट्याला आधार कमी असल्याने मूल पाय आत कलवून चालतं आणि चाकांची आतली कड दोन महिन्यांत खाऊन जाते. हॉकीची स्केट घ्यायची तर रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागते. इथे आपली 'वाढत्या मापाचे घ्या' ही सवय घात करते. लेस बांधून सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवल्यावर मागे सरावा, आणि टाच बुटात उचलली जाऊ नये. टाच उचलली तर ती स्केट मोठी आहे, मग दुकानदार काहीही म्हणो.

चाकांचा कडकपणा रिंक बघून ठरवा. लाकडी किंवा प्लास्टिक टाइलच्या आतल्या रिंकला ७२ए ते ७८ए, बाहेरच्या कोब्याला आणि काँक्रीटला ८२ए ते ८५ए. महागड्या स्केट्सना मऊ चाकं बसवलेली येतात आणि लोक तीच कोब्यावर फिरवतात. मग महिन्या-दोन महिन्यांत चाकांचे तुकडे उडायला लागले की कंपनीला शिव्या. झिजलेली चाकं फेकायच्या आधी फिरवा: पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आणि झिजलेली कड बाहेर येईल असं उलटवून. पुढची दोन ७६ मिलीमीटर आणि मागची दोन ८० अशी जोडणी असेल तर पुढची चाकं पुढेच राहतील. तिथे डाव्या-उजव्या स्केटची अदलाबदल करा.

बेअरिंगच्या बाबतीत बेळगावकर नशीबवान. स्केटला लागतं ते ६०८ नंबरचं: आतलं भोक ८ मिलीमीटर, बाहेरून २२, जाडी ७. एका चाकात दोन, एका जोडीत सोळा. हेच बेअरिंग छोट्या मोटरींत आणि यंत्रांत जातं, त्यामुळे उद्यमबागेच्या परिसरात बेअरिंगवाल्याकडे ते सहज मिळतं. 'स्केटिंगचं' म्हणून मागितलं तर भाव वाढतो, ६०८ म्हणून मागा. पाकिटावरच्या एबेक आकड्याला फार भुलू नका. तो मापाची अचूकता सांगतो, ठोका आणि धूळ सोसण्याची ताकद सांगत नाही. शिबिराच्या नवव्या दिवशी आदल्या संध्याकाळच्या वळवाने रिंक ओलं होतं, कोपऱ्यातली वाळू आणि तांबडी माती पसरलेली. अर्ध्या तासाच्या झाडलोटीनंतर खेळ सुरू झाला आणि घरी गेलेल्या बहुतेक स्केट्स तशाच पिशवीत राहिल्या. दोन दिवसांनी चाकं करकरायला लागली. भिजलेल्या स्केटची चाकं त्याच दिवशी काढायची, बेअरिंग कोरड्या फडक्याने पुसायची. आवाज येत असेल तर झाकण काढून रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये, विस्तवापासून लांब, फिरवून धुवायची, पूर्ण सुकवायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. नळाखाली धरू नये. आमच्या जूनपासूनच्या दमट हवेत न सुकवलेलं बेअरिंग आठवड्यात गंजतं.

स्टिक आयोजकांच्या होत्या, आणि तिथे कोचचा अनुभव उपयोगी पडला. अनवाणी उभं राहिल्यावर उभी स्टिक नाकापर्यंत, स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत. तिच्यावर छापलेला फ्लेक्सचा, म्हणजे कडकपणाचा, आकडा मुलाच्या पौंडातल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असावा: ३६ किलोचं मूल म्हणजे साधारण ७९ पौंड, म्हणून ४० फ्लेक्स. कापून आखूड केली की स्टिक आणखी कडक होते, म्हणून दादाची स्टिक कापून धाकट्याला देणं फसतं. ती वाकतच नाही आणि फटक्याला जोर येत नाही. कोब्यावर कार्बनचं पातं कागदासारखं झिजतं. तिथे एबीएस प्लास्टिकचं पातं घ्या आणि तळाला टेप मारत राहा.

हाताची बाजू हा वेगळाच घोळ. मैदानी हॉकीची स्टिक एकाच बाजूने चपटी, म्हणून सगळे एकाच बाजूने खेळतात. या स्टिकच्या दोन्ही बाजू वापरतात, पण पातं डावं किंवा उजवं वळलेलं असतं. कॅनडात बहुतेक जण उजवा हात वर धरतात आणि डावीकडून मारतात, कारण वरचा हात स्टिकवर ताबा ठेवतो. आपली पोरं क्रिकेटची. उजव्या हाताचा बॅट्समन डावा हात वर धरतो, स्टिकही तशीच धरतो, आणि त्याला लागतं उजवं पातं. शिबिरातल्या निम्म्याहून जास्त स्टिक डाव्या. दोन दिवस पोरं उलट्या पात्याने पक ढकलत होती, कारण ते कोणी विचारलंच नाही. पुढच्या बॅचला आधी प्रत्येकाच्या हातात केरसुणी द्या आणि कोणता हात वर जातो ते बघा. मग स्टिक मागवा.

पकही दोन प्रकारचे होते. बर्फावरचा रबरी पक १ इंच जाड, ३ इंच रुंद, १५६ ते १७० ग्रॅमचा. कोच तो हातात द्यायला घेऊन आले होते, आणि वजन कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. कोब्यावर तो घसरत नाही, अडखळून कडेवर उभा राहतो. इनलाइनचा पक हलका, दोन्ही बाजूंना छोट्या गुंड्या असलेला, फक्त त्या टेकाव्यात म्हणून. गुंड्या झिजून सपाट झाल्या की तोही लोळायला लागतो. शिबिरातले अर्धे पक त्या अवस्थेत होते. खडबडीत भागावर चेंडूच बरा, आणि शेवटच्या तीन दिवसांत कोचनी तोच वापरला.

सगळ्यात मोठी उणीव गोलकीपरची. बारा दिवसांत गोलकीपरसाठी स्वतंत्र सराव एकही नाही. दोन मुलांना क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचे पॅड आणि हेल्मेट घालून गोलात उभं केलं. क्रिकेटचं हेल्मेट समोरून येणाऱ्या चेंडूसाठी असतं. स्केटवरचं मूल मागे पडतं आणि डोक्याची मागची बाजू आपटते; हॉकीचं हेल्मेट मागपर्यंत उतरतं, आणि तोंडावर जाळी हवीच. दोघांपैकी एकजण कमालीचा चपळ होता. त्याच्यासाठी कोण काय ठरवणार, हे शेवटच्या दिवशीही कुणी सांगितलं नाही.

आणि 'पुढे बर्फ' हे स्वप्न? भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघात १९८९ पासून आहे, २०२५ मध्ये महिला संघाने अमिरातीतल्या अल ऐनला आशिया कपमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा स्वप्न खोटं नाही. पण बर्फ आहे लडाखमध्ये, बहुतांशी नैसर्गिक, जानेवारी-फेब्रुवारीतला. लेह साधारण ३,५०० मीटरवर, म्हणजे पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस नुसते श्वासाला सवय लावण्यात जातात. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेलं आतलं रिंक आहे, गुरुग्रामला मॉलमधलं. बेळगावातून हे सगळं लांबच. इथून जाणारं मूल आठवड्यात तीनदा कोब्यावर खेळून, वर्षातून एकदा बर्फावर उतरेल. क्रॉसओव्हर, वळणं, गुडघ्याचा वाक आणि नजर वर ठेवून पक खेळवणं हे सगळं तिथे कामाला येतं. थांबणं तेवढं नव्याने शिकावं लागतं, आणि ते शिकवायला हाच कोच लागेल, यात शंका नाही.

पाचपैकी साडेतीन. खडूचे दिवस आधी सुरू झाले असते तर चार. दिवाळीच्या सुट्टीत पुढची बॅच घेणार म्हणतात. नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा: फॉर्मवर इनलाइन असं लिहिलंय का, उजव्या स्टिक किती आहेत, आणि गोलकीपरचं हेल्मेट आणलंय का.